धरणातली जुनी फायबर बोट: पॉलिएस्टर, इपॉक्सी की थेट नवी?

पानशेत, वरसगाव, पवना किंवा उजनीच्या पाण्यात पंधरा-वीस वर्षं काढलेली फायबरची बोट दुरुस्तीला काढली की दोन प्रकारचे सल्लागार भेटतात. एक भोसरीतला फायबरवाला: "साहेब, दोन लेअर मारतो, वरून जेलकोट, एकदम नवी करून देतो." दुसरा, शिडाच्या बोटी चालवणारा एखादा मित्र: "इपॉक्सीच वापर रे, बाकी सगळी ठिगळं." (पॉलिएस्टर आणि इपॉक्सी ही काचेचे थर धरून कडक होणारी दोन रेझिनं, म्हणजे पातळ रसायनं; जेलकोट म्हणजे बोटीचा सगळ्यात बाहेरचा रंगीत, चकचकीत थर.) दोघांचंही म्हणणं अर्धंच खरं आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो. पाण्याच्या रेषेच्या वरचं, जेलकोटने झाकायचं काम पॉलिएस्टरने करावं. लाकडाशी संबंध येणारं, पाण्याखालचं आणि जोर पडणारं काम इपॉक्सीने. आणि तळ, फ्लोअर (आत पाय ठेवायची जमीन), इंजिन लावायची मागची फळी हे तिन्ही एकदम गेलं असेल, तर दोन्हींपैकी कशावरही पैसे घालू नयेत.

हे सगळं ४-५ मीटरच्या, एक आउटबोर्ड इंजिन लावलेल्या किंवा वल्ह्यांच्या साध्या बोटींबद्दल आहे. शर्यतीच्या पातळ रोइंग बोटींची बांधणीच वेगळी असते, त्यांना यातलं काही लावू नका.

कोटेशन मागण्याआधी

बोट उलटी करा आणि नाण्याने तळभर टकटक करत जा. चांगल्या जागी खणखणीत आवाज येतो. थर सुटले असतील किंवा आत पाणी शिरलं असेल तिथे बद्द वाजतं. प्रत्येक बद्द जागेला खडूने गोल करा. बहुतेक जुन्या बोटींवर वरून दिसणाऱ्या चिरांपेक्षा हे खडूचे गोल जास्त निघतात, आणि खर्चाचा खरा आकडा तेच ठरवतात.

मग मागची फळी, म्हणजे ट्रान्सम. इंजिन लावलेलं असताना त्याचा खालचा पाय धरून वर-खाली जोर द्या आणि फळीकडे बघा. ती वाकताना दिसली किंवा बोल्टांच्या भोवती तपकिरी पाणी पाझरताना दिसलं, तर आतलं प्लायवूड कुजलंय. बाहेरून जेलकोट कितीही चकचकीत असो.

तिसरी तपासणी कुणी करत नाही, आणि ती सगळ्यात स्वस्त आहे. बोट टेम्पोत घालून हायवेवरच्या वजनकाट्यावर न्या, मग रिकामा टेम्पो परत काट्यावर घ्या. मोठे काटे दहा-वीस किलोचा फरक दाखवत नाहीत, पण इथे तेवढ्या बारकाव्याची गरजही नसते. बनवणाऱ्याने सांगितलेल्या वजनापेक्षा बोट शंभर किलोने जड भरली, तर ते पाणी फ्लोअरखाली बोट तरंगती ठेवायला भरलेल्या फोममध्ये आणि लाकडात बसलेलं आहे. उन्हात चार दिवस ठेवून ते जात नाही.

तळावर वाटाण्याएवढे फोड असतील तर डोळ्यांना चष्मा लावून एक फोडून बघा. आतलं पाणी दाबाखाली असतं, चिळकांडी उडते. त्याला व्हिनेगरसारखा आंबट वास आला की समजायचं, पाणी जेलकोटमधून झिरपून रेझिनला खातंय. आपल्याकडे हमखास ऐकू येतं, की धरणाचं गोडं पाणी आहे, कोकणातल्यासारखं खारं थोडंच आहे. इंजिनाच्या बाबतीत ते खरं, फायबरच्या बाबतीत उलटं. गोड्या पाण्यात क्षार कमी, त्यामुळे ते जेलकोटच्या आत जास्त जोराने ओढलं जातं. वर्षभर धरणातच बांधून ठेवलेल्या बोटीला फोड येण्याची शक्यता समुद्रातल्या बोटीपेक्षा जास्तच असते.

पॉलिएस्टर आणि इपॉक्सी समोरासमोर

तुमची बोट मुळात पॉलिएस्टर रेझिन आणि काचेच्या तंतूंच्या मॅटची आहे, हे जवळपास नक्की. म्हणून 'ज्याचं त्यालाच लावा' हा फायबरवाल्याचा युक्तिवाद ऐकायला बरा वाटतो. अडचण अशी, की ताजं पॉलिएस्टर ताज्या पॉलिएस्टरशी एकजीव होतं. पंधरा वर्षं जुन्या, पूर्ण कडक झालेल्या थराला ते फक्त खरखरीत पृष्ठभागाच्या आधाराने धरतं. सुकताना ते आकसतंही, घनफळाने साधारण ५ ते ८ टक्के. ठिगळाच्या कडा वर्षा-दोन वर्षांनी उठतात त्या यामुळे. इपॉक्सी बरंच कमी आकसतं आणि मुळात चिकटवायच्या कामाचं रेझिन आहे. जुन्या पॉलिएस्टरला, लाकडाला, दोन्हींना घट्ट धरतं.

मग सगळीकडे इपॉक्सीच का नको? एक कारण जेलकोट. इपॉक्सीवर पॉलिएस्टर जेलकोट नीट धरत नाही, कधी कधी खालचा थर चिकटच राहतो. म्हणजे इपॉक्सी वापरलं की वर रंग आला, आणि रंग द्यावाच लागतो, कारण उघडं इपॉक्सी उन्हात पिवळं पडून भुसभुशीत होतं. दुसरं कारण मॅट. आपल्याकडे सर्रास मिळणारी चौरस मीटरला ३०० आणि ४५० ग्रॅमची, तंतूंच्या तुकड्यांची मॅट ज्या बाइंडरने धरलेली असते, तो पॉलिएस्टरमधल्या स्टायरीन या द्रावकात विरघळतो. इपॉक्सीत स्टायरीन नाही, त्यामुळे मॅट कडक राहते, वळणावर बसत नाही, खाली हवा राहते. इपॉक्सीसोबत विणलेलं किंवा शिवलेलं ग्लास कापडच घ्यायचं.

तिसरं कारण पैसे, पण इथे हिशोब नीट करा. किलोमागे इपॉक्सी दुपटी-तिपटीने महाग पडतं हे खरं. मात्र मॅट तिच्या वजनाच्या दोन ते अडीच पट रेझिन पिते आणि कापड साधारण तेवढ्यास तेवढं. एकाच वजनाच्या काचेला रेझिन निम्म्यावर येतं. म्हणून लहान दुरुस्तीत दोन्हींच्या बिलातला फरक दरपत्रकावर दिसतो तेवढा राहत नाही. अख्खा तळ नव्याने लॅमिनेट करायचा असेल तेव्हा मात्र तो जाणवतो.

पॉलिएस्टरच घेणार असाल तर दुकानात नुसतं 'रेझिन द्या' म्हणू नका. जनरल पर्पजऐवजी आयसोफ्थॅलिक मागा, पाण्यात ते जास्त टिकतं. डब्यावरची तारीख बघा. पॉलिएस्टर काही महिन्यांत जुनं होतं आणि उकाड्यात त्याहून लवकर.

दोन्हीकडे मिसळण्याची शिस्त वेगळी. पॉलिएस्टरमध्ये हार्डनर १ ते २ टक्के, म्हणजे किलोला १० ते २० ग्रॅम, आणि तेवढ्या पट्ट्यात हवामान बघून कमी-जास्त करता येतं. इथेच कारागीर सैल सुटतात. "जरा जास्त टाकतो, लवकर सुकेल" हे वाक्य कानावर पडलं की तिथेच थांबवा. जास्त हार्डनरने थर तापतो, तडकतो, ठिसूळ होतो. इपॉक्सीत असली मुभाच नाही. १०० ला १० लिहिलं असेल तर वजनकाट्यावर १०० ला १०च. जास्त घातल्याने ते लवकर सुकत नाही, अर्धवट राहतं. आणि पॉलिएस्टरचा कोबाल्ट अ‍ॅक्सिलरेटर (कडक होण्याचा वेग वाढवणारं रसायन) व हार्डनर एकमेकांत थेट कधीही मिसळू नका, भडका उडतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचा, मग हार्डनर. कोबाल्ट आधीच घातलेलं रेझिन मिळतं, तेच घ्या.

कुठलंही रेझिन घ्या, खरी मेहनत ग्राइंडिंगची. आधी अ‍ॅसिटोनने पुसायचं, मग घासायचं; उलट केलं तर जुनं वॅक्स आत घासलं जातं. भोकाच्या कडा उतरत्या करायच्या, जाडीच्या १२ पट. तळ ५ मिलिमीटर जाड असेल तर चहूबाजूंनी ६० मिलिमीटर. म्हणजे १५ सेंटिमीटरच्या भोकाला २७ सेंटिमीटरचं ठिगळ: तळहाताएवढं भोक, जेवणाच्या ताटाएवढी दुरुस्ती. जो कारागीर भोकाएवढाच तुकडा कापायला घेतो, त्याच्या हातात इपॉक्सी देऊनही उपयोग नाही. ४५० ग्रॅमची एक मॅट पॉलिएस्टरमध्ये साधारण १ मिलिमीटर जाडी देते, त्यावरून 'दोन लेअर' पुरतात का ते तुम्हीच मोजा.

वासाचा मुद्दा किरकोळ वाटेल, पण सोसायटीच्या पार्किंगमध्ये काम करणार असाल तर स्टायरीनचा वास तिसऱ्या मजल्यापर्यंत जातो आणि सेक्रेटरी त्याच संध्याकाळी दारात असतात. इपॉक्सीला वास फारसा नाही, म्हणून लोक हातमोजे घालत नाहीत. ते चुकीचं आहे. इपॉक्सीची अ‍ॅलर्जी एकदा झाली की बहुधा कायमची असते. घासताना उडणारी काचेची धूळ दोन्हीकडे तितकीच वाईट. आणि हे काम धरणाच्या काठावर नको. खडकवासल्याच्या साखळीतलं पाणी आपल्याच नळाला येतं.

ट्रान्सम: इथे तुलना नाही

पॉलिएस्टर लाकडाला नीट धरत नाही, पापुद्र्यासारखं सुटतं. मूळ ट्रान्सम कुजण्याचं एक कारण तेच, दुसरं बोल्टांची उघडी भोकं. त्यामुळे इथे इपॉक्सीच. आतली फायबरची कातडी कापायची, कुजकं प्लाय खरवडून काढायचं, उरलेलं फायबर पूर्ण वाळवायचं. वाळलं का ते कळायला रात्रभर प्लास्टिकचा चौकोन चारही बाजूंनी टेपने चिकटवून ठेवा. सकाळी आतून दव दिसलं तर अजून थांबा. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये प्लाय घेताना शिक्का बघा: आयएस ७१० म्हणजे मरीन. आयएस ३०३ चं बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्याला टिकणारं) प्लाय स्वयंपाकघराच्या ट्रॉलीला ठीक आहे, इथे नाही.

नवीन फळी बसल्यावर इंजिनाच्या बोल्टांची भोकं मोठी पाडून दाट केलेल्या इपॉक्सीने भरा आणि सुकल्यावर त्यातून मापाचं भोक पाडा, म्हणजे पाणी लाकडापर्यंत पोचतच नाही. बोल्टाखाली सिलिकॉन लावू नका. पाण्याखाली ते भरवशाचं नाही आणि त्याचा अंश राहिला की पुढे त्या जागी रंग धरत नाही. पॉलियुरेथेन सीलंट वापरा. दोन्ही बाजूंनी अ‍ॅल्युमिनियमची प्लेट ठोकून देण्याचा उपाय कुणी सुचवेल. एक हंगाम निघेल, आतलं कुजणं चालूच राहील.

जेलकोट की रंग

जेलकोट नुसता खडूसारखा पांढरट झाला असेल तर काहीच नवीन लावू नका. ८०० पासून १५०० पर्यंत पाण्याचा पॉलिश पेपर, रबिंग कंपाउंड, वॅक्स. दोन दिवसांचं काम, आणि फरक बघून शेजारी विचारतील. जेलकोट घासून पातळ झाला असेल तर वरच्या भागाला टू-पॅक (दोन डबे मिसळून लावायचा) पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन, रंग जेलकोटपेक्षा बरा: पातळ बसतो, चकाकी टिकते. तो मारायला फायबरवाल्यापेक्षा तुमचा डेंटिंग-पेंटिंगवाला चांगला, त्याचा हात स्प्रेगनवर बसलेला असतो. फक्त दोन अटी घाला. पाण्याखालच्या भागात गाडीची पुट्टी भरायची नाही, ती पाणी पिते. आणि बोट कायम पाण्यात राहणार असेल तर तळाला पीयू नको, फोड धरतो. तिथे टू-पॅक इपॉक्सी कोटिंग.

काम कधी काढायचं

रेझिनच्या निवडीपेक्षा हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. धरणातलं पाणी मे महिन्यात तळाला जातं, बोटी काळ्या कातळावर घासतात आणि रिकाम्या पडतात, म्हणून सगळे मेमध्येच काम काढतात. पण पुण्याच्या ३८-४० अंशांत पॉलिएस्टर डब्यातच दगड होतं. मे टाळता येत नसेल तर सकाळी सातला सुरू करा, हार्डनर १ टक्क्यावर ठेवा, त्याखाली नको, आणि खोल डब्याऐवजी पसरट ट्रेमध्ये थोडं थोडं कालवा. पावसाळ्यात दोन्ही रेझिनं नकोत. दमट हवेत इपॉक्सीवर तेलकट थर येतो, तो पाण्याने आणि स्क्रबरने धुतल्याशिवाय पुढचा थर बसत नाही. डिसेंबर-जानेवारीत हवा कोरडी, पण पहाटे १० अंशांच्या आसपास दोन्ही रेंगाळतात; अकराच्या पुढे हात घाला. सगळ्यात सोपे महिने फेब्रुवारी आणि मार्चची सुरुवात. भिगवणला फ्लेमिंगो दाखवायच्या फेऱ्या करणाऱ्यांना तेव्हा बोट सोडणं जड जातं, हे कळतं. त्यांनी दिवाळीच्या आधीचा ऑक्टोबर धरावा, पाऊस लांबला नसेल तर.

सोडून कधी द्यायची

तळावरच्या खडूच्या गोलांनी एक तृतीयांशापेक्षा जास्त जागा व्यापली असेल, फोम भिजलेला असेल आणि ट्रान्समही गेला असेल, तर मी थांबेन. फोम काढायला फ्लोअर कापावा लागतो, मग खालचे लाकडी बत्ते कुजलेले निघतात, आणि मजुरी नव्या सांगाड्याच्या (इंजिनाशिवायच्या बोटीच्या) किमतीजवळ जाते. हा एक तृतीयांश माझा अंदाजाचा नियम आहे, कुठल्या पुस्तकातला नाही. यातली एकच गोष्ट बिघडली असेल तर दुरुस्ती जवळजवळ नेहमीच परवडते, कारण चांगलं फायबर वयामुळे मरत नाही. एक मात्र लक्षात घ्या: जुनी बोट भंगारवाला नेणार नाही. हे फायबर वितळवून पुन्हा वापरता येत नाही, तेव्हा विल्हेवाटीचा खर्चही नव्या बोटीच्या बाजूला लिहा.

नवी घेताना बनवणाऱ्याकडून कागदावर लिहून घ्या: तळाला कोणत्या वजनाच्या मॅटचे आणि रोव्हिंगचे (जाड विणलेल्या काचेच्या कापडाचे) किती थर, रेझिन आयसोफ्थॅलिक आहे का, ट्रान्समचं प्लाय आयएस ७१० आहे का, फोम बंद पेशींचा (पाणी सहज न पिणारा) आहे का, आणि रिकाम्या सांगाड्याचं वजन किती. पैसे घेऊन प्रवासी बसवणार असाल तर इनलँड व्हेसल्स कायदा, २०२१ खालची नोंदणी आणि तपासणी यांची कागदपत्रं तो देणार का, हेही त्याच कागदावर. थरांची संख्या लिहून द्यायला जो टाळाटाळ करतो त्याच्याकडून घेऊ नका.