हब मोटर की मिड-ड्राइव्ह? रानवाटांची ई-बाईक निवडताना

शिकारीसाठी किंवा नुसतं रानात भटकायला ई-बाईक घ्यायची म्हटली की बहुतेक जण आधी वॅटचा आकडा बघतात. त्याआधी मोटर कुठे बसवली आहे ते बघा.

हब मोटर चाकातच असते, बहुधा मागच्या. स्वस्त, साधी, देखभाल जवळजवळ नाहीच. चेन तुटली तरी थ्रॉटल (पेडल न मारता मोटर चालवायचा हातातला अ‍ॅक्सिलरेटर) असेल तर परत येता येतं. सपाट मातीच्या रस्त्याला झकास. पण गिअर बदलून तिच्यावरचा भार हलका होत नाही. लांबलचक खडा चढ, मागे ट्रेलर, वेग पायी चालण्याइतका, अशा वेळी ती तापते आणि दम सोडते. शिवाय मागचं चाक पंक्चर झालं की वायरचा कनेक्टर सोडवा, पान्याने एक्सलचे नट काढा, आणि अंधारात पडलेला वॉशर चाचपत बसा!

मिड-ड्राइव्ह पेडलपाशी असते. तिची ताकद चेन-गिअरमधून चाकाला जाते, म्हणून खालच्या गिअरला ती चढ आरामात काढते. वजनही मधोमध, खाली राहतं. किंमत मात्र जास्त, चेन आणि कॅसेट (मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्या) लवकर झिजतात. तुटलेली चेन सांधायची जोडकडी खिशात हवीच.

डोंगराळ भाग असेल तर मी डोळे झाकून मिड-ड्राइव्ह घेईन.

बॅटरीचं गणित दोन्हीकडे सारखंच: ४८ व्होल्ट गुणिले १५ अँपिअर-तास म्हणजे ७२० वॅट-तास ऊर्जा, आणि थंडीत त्याहून कमी. सैल कॅरियरची खडखड तेवढी आधी बंद करा. सावज त्यानेच उधळतं.