नाव तेच, कार्ड भलतंच

कमी बजेटमध्ये ग्राफिक्स कार्ड बघताय आणि एनव्हिडियाचं 'आरटीएक्स ३०५०' स्वस्तात मिळतंय? जरा थांबा. या नावाची निदान दोन कार्डं आहेत. ८ जीबी मेमरीचं जानेवारी २०२२ मध्ये आलं, जाहीर किंमत २४९ डॉलर. ६ जीबीचं फेब्रुवारी २०२४ मध्ये, दोनशे डॉलरच्या आत. नुसता २ जीबीचा फरक असता तर हे लिहायला बसलोच नसतो. कोअर (आकडेमोड करणारे भाग) २५६० ऐवजी २३०४, मेमरी बस (मेमरीशी डेटाची ये-जा होते तो रस्ता) १२८ ऐवजी ९६ बिट रुंद, बँडविड्थ, म्हणजे त्या रस्त्यावरून जाणारा डेटा, सेकंदाला २२४ जीबीवरून १६८ वर. क्लॉक, म्हणजे चिपचा वेगही कमी. नाव मात्र तेच.

मला विकणाऱ्याने नेमकं यावरच साधून घेतलं. जाहिरातीत मेमरीचा आकडा कुठेच नाही. काट मारलेली 'मूळ किंमत' ८ जीबीवाल्याची, आणि तिच्यावर घसघशीत सूट! खालचे कौतुकाचे रिव्ह्यू २०२२-२३ चे, म्हणजे ६ जीबीचं कार्ड जन्मालाही आलं नव्हतं तेव्हाचे. मी चॅटवर ८ जीबी कार्डाच्या चाचणीचा व्हिडिओ पाठवून विचारलं, "हेच ना?" लगेच उत्तर, "हो सर, हेच. स्टॉक संपत आलाय."

कार्ड हातात घेतलं आणि मनात पाल चुकचुकली. वरच्या कडेला पॉवरची केबल लावायला सॉकेटच नाही. मदरबोर्डच्या स्लॉटमधून जास्तीत जास्त ७५ वॉट मिळतात. ८ जीबीच्या कार्डाला त्याहून बरीच जास्त वीज लागते, त्यामुळे त्याला वेगळी केबल हवीच. ६ जीबीचं ७० वॉटमध्ये भागतं. कार्डाची माहिती दाखवणारं जीपीयू-झेड सॉफ्टवेअर चालवलं तर बस विड्थ (मेमरी बसची रुंदी) ९६ बिट. बॉक्सच्या कोपऱ्यात '६ जीबी' चक्क छापलेलं होतं. जाहिरातीतल्या फोटोत तेवढाच कोपरा कापलेला.

कार्ड टाकाऊ आहे असं नाही. छोट्या पॉवर सप्लायच्या जुन्या ऑफिस पीसीत ते छान चालेल. पण त्याच्या किमतीत. आणि हा प्रकार नवा नाही: जीटी १०३० हे कार्ड २०१७ मध्ये वेगवान जीडीडीआर५ मेमरीसह आलं, पुढच्या वर्षी त्याच नावाने हळू डीडीआर४ मेमरीवालं निघालं. बँडविड्थ ४८ जीबीवरून थेट १७ च्या आत. नुसतं नाव वाचून घेणारा तिथेही गंडला असणार.

म्हणून पैसे देण्याआधी मेमरी आणि बस विड्थ दोन्ही लेखी विचारून घ्या, पूर्ण मॉडेल नंबर मागा आणि तो उत्पादकाच्या साइटवर ताडून बघा. फोनवरचं "हो हो" उपयोगाचं नाही.

तक्रार केली तर म्हणे, "बॉक्सवर ३०५०च लिहिलंय ना?" वर उघडलेला माल परत घेत नाही. चॅटचे स्क्रीनशॉट पुढे टाकल्यावर सूर बदलला, आता अर्धे पैसे द्यायला तयार आहे. मी पूर्ण रकमेवर अडून बसलोय.