जहाजावरच्या इंग्लिशचा क्लास : फी वसूल झाली, पण पुस्तिका रद्दी आहे

आधीच सांगतो, क्लासचं नाव लिहिणार नाहीये कारण खाली तक्रारी पण आहेत आणि उगाच कुणाच्या पोटावर पाय नको. नवी मुंबईत आहे, झेरॉक्सच्या दुकानावर पहिला मजला, शनिवार-रविवार संध्याकाळी, दहा आठवडे, ६००० रुपये. मी आठ वर्षं डेकवर आहे, ओएस म्हणजे साधा खलाशी होतो मग एबी म्हणजे अनुभवी खलाशी झालो, आता बोसनच्या (खलाशांचा मुकादम) इंटरव्ह्यूसाठी इंग्लिश जरा धड करावं म्हणून सुट्टीत लावला. बायको म्हणाली आठ वर्षं बोटीवर इंग्लिशच बोलतोस ना, मग काय शिकणार. मलाही तसंच वाटलेलं.

शिकवणारे सर रिटायर्ड कॅप्टन. पहिल्याच दिवशी फळ्यावर चारच शब्द लिहिले, अबोर्ड (जहाजावर), अशोर (किनाऱ्यावर), अस्टर्न (जहाजाच्या मागे), अलॉफ्ट (उंच, डोलकाठीवर), आणि म्हणाले यांची एकेक वाक्यं करा. आम्ही चौदा जण, त्यात अकरा जणांनी 'आय वेंट टू अशोर' लिहिलं. मी पण त्यातलाच. सरांनी विचारलं, "अरे, तू घरी जातोस की घरीला जातोस?" सगळे हसले. "घरी या शब्दातच तो प्रत्यय आलाय ना, मग वर आणखी ला कशाला लावायचा? अशोर म्हणजे किनाऱ्यावर, त्यातलं 'वर' सुरुवातीच्या त्या 'अ'मध्येच बसलंय." तो 'अ' म्हणजे जुन्या इंग्लिशमधलं ऑन, घासून घासून एवढासा उरलेला. म्हणून गो अशोर, कम अबोर्ड, ही इज अलॉफ्ट, मध्ये टू नाही, इन नाही, काही नाही. शोर लीव्ह, म्हणजे बंदरात उतरायची सुट्टी, मिळाली तरी वेंट अशोरच. आठ वर्षं गो टू अशोर म्हणत होतो आणि एकाही फिलिपिनो बोसनने टोकलं नाही, कदाचित तोही तेच म्हणत असेल.

पण सगळे एका माळेचे मणी नाहीत, हे तिसऱ्या आठवड्यात कळलं. अबोर्डच्या पुढे जहाज थेट येतं, अबोर्ड द शिप, मध्ये ऑफ वगैरे नको. अस्टर्नला मात्र ऑफ लागतो, 'द टग इज अस्टर्न ऑफ अस', म्हणजे ओढबोट आपल्या मागे आहे. अशोरच्या पुढे तर काहीच चिकटत नाही, अशोर द बीच असं कुणी म्हणत नाही. हे असंच का, तर सरांचं उत्तर, "बाळा, मालवणीत तरी सगळं नियमानं चालतं का?" हे उत्तर मला पटलं नाही पण लक्षात राहिलं.

अस्टर्न आणि आफ्ट यात माझा स्वतःचा किस्सा आहे. मागच्या एका जहाजावर, नाव सोडा, बंदरात शिरत होतो, बंदरात वाट दाखवणारा पायलट ब्रिजवर (जिथून जहाज चालवतात तिथे) होता, मी गँगवे म्हणजे उतरायचा जिना लावून मागच्या स्टेशनवर दोर घ्यायला निघालो आणि वॉकीटॉकीवर ऐटीत बोललो, "गँगवे रेडी सर, गोइंग अस्टर्न." दोन सेकंद शांतता आणि मग ब्रिजवरून आवाज, "हू इज गोइंग अस्टर्न? हू गेव्ह धिस ऑर्डर?" मला कळेचना काय चुकलं. थर्ड ऑफिसरने नंतर चहाच्या वेळी चांगली हजेरी घेतली पण नेमकं काय चुकलं ते त्यानेही धड सांगितलं नाही. ते क्लासमध्ये कळलं. आफ्ट म्हणजे जहाजाच्या आत मागच्या बाजूला, माणूस चालत जातो तो आफ्ट. अस्टर्न म्हणजे जहाजाच्या मागे, बाहेर पाण्यात, नाहीतर अख्खं जहाजच उलटं चालतंय ते. स्लो अस्टर्न ही इंजिनाची ऑर्डर आहे, आणि भोंग्याचे तीन छोटे आवाज दिले की त्याचा अर्थ माझं इंजिन अस्टर्न चालू आहे. म्हणजे मी एकटा चालत निघालो होतो आणि ब्रिजवर ऐकू गेलं की जहाज मागे चाललंय. पायलटला घाम फुटला असेल तर नवल नाही.

इंटरव्ह्यूला खरं कामाला येईल ते म्हणजे आयएमओने, म्हणजे आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने, २००१ साली मंजूर केलेली ठराविक वाक्यं, एसएमसीपी म्हणतात त्याला. सरांनी त्यातली सुकाणूची आणि इंजिनाची वाक्यं जोडीजोडीने बोलायला लावली, एकाने ऑर्डर द्यायची, दुसऱ्याने जशीच्या तशी परत म्हणायची, अक्षर इकडचं तिकडे झालं तर पुन्हा पहिल्यापासून. कंटाळा येतो, पण खोलीत चौदा जण डेड स्लो अस्टर्न ओरडत असले की खालचा झेरॉक्सवाला जिन्यात येऊन बघून जायचा, तेवढीच करमणूक.

आणि अबोर्ड-अब्रॉडचा घोळ. बॅचमधल्या एका पोराच्या सीव्हीत 'टू इयर्स एक्स्पिरियन्स इन अबोर्ड' होतं, त्याला म्हणायचं होतं परदेशात, म्हणजे अब्रॉड, आणि त्यालाही इन लागत नाही. माझ्या भावाने पण मी साईन ऑन केलं, म्हणजे जहाजावर रुजू झालो, की 'माय दादा इज अबोर्ड' असं स्टेटस ठेवलेलं, त्यालाही परदेशच म्हणायचं होतं, पण मी जहाजावर असल्यामुळे ते नशिबाने बरोबर ठरलं. ऑनबोर्ड एकत्र लिहायचं ते नामाच्या आधी, ऑनबोर्ड ट्रेनिंगसारखं, आणि नुसतं जहाजावर आहे म्हणायचं तर ऑन बोर्ड असं तोडून, हेही तेव्हाच कळलं.

आता तक्रारी. पुस्तिकेचे ४०० रुपये वेगळे घेतात आणि ती फोटोकॉपीची फोटोकॉपी आहे, काही पानांवर नुसता काळा डाग. त्याहून भारी म्हणजे मागच्या उत्तरांत 'ही वेंट टू अशोर' यावर बरोबरची खूण! सरांनी स्वतः लाल पेनाने सगळ्यांच्या पुस्तिकेत खोडलं, ऑफिसवाल्या मॅडमना सांगितलं तर म्हणाल्या पुढच्या छपाईत बघू. तीन मॉक इंटरव्ह्यू देऊ असं कबूल केलेलं, झाला एक, तोही घाईघाईत दहा मिनिटं. एसी मे महिन्यात बंद, रिमोट म्हणे ऑफिसात कुलपात. आणि ओव्हरबोर्ड शिकवताना एका नवीन असिस्टंटने पार्टीत खर्च जास्त झाला, वी वेंट ओव्हरबोर्ड, एवढंच उदाहरण दिलं. घरी ठीक आहे, पण आमच्यात तो शब्द कानावर पडला की माणूस जहाजावरून पाण्यात पडला असं वाटून आधी लाइफबॉय, म्हणजे त्याच्याकडे फेकायची तरंगती रिंग, आठवते. कॅप्टन सर त्या दिवशी नव्हते, नाहीतर झापलं असतं.

५ पैकी साडेतीन. तो अर्धा फक्त घरी-घरीलासाठी. लावणार असाल तर कॅप्टन सरांचीच बॅच आहे ना हे आधी विचारा, फी दोन हप्त्यांत घेतात पण मागितल्याशिवाय सांगत नाहीत, पावती तिथल्या तिथे घ्या, आणि पुस्तिका विकत न घेता पुढच्या माणसाने माझी न्या, खोडाखोडीसकट फुकट देतो, पुढच्या महिन्यात साईन ऑन आहे त्याआधी सांगा.