पोस्टक्रॉसिंग : बेळगावच्या पत्त्यावर परमुलखाची कार्डं

पोस्टक्रॉसिंग ही जगभरच्या अनोळखी लोकांत पोस्टकार्डांची देवाणघेवाण घडवणारी वेबसाइट, २००५ साली पोर्तुगालमध्ये सुरू झाली. नोंदणी फुकट, खर्च फक्त कार्डाचा आणि तिकिटांचा. आपण एका अनोळखी माणसाला कार्ड धाडायचं. ते मिळाल्याची त्याने साइटवर नोंद केली की तिसऱ्याच कुणाकडून आपल्याला कार्ड येतं. गाव कुठलं, माणूस कोण, हे आपल्या हातात नाही. पत्रमैत्री हवी असेल तर इथे निराशाच होईल. लांबची शहरं बघायची हौस असेल तर इतकी स्वस्त सोय दुसरी नाही, मात्र आपल्या बाजूचं काम चोख हवं.

आधी पत्ता. कुणी बेलगाम लिहितं, कुणी बेळगावी. पिनकोड बरोबर असला की दोन्ही चालतं. कॅम्प ५९०००१, टिळकवाडी ५९०००६, निपाणी ५९१२३७. परदेशातला माणूस पत्ता हाताने उतरवून घेतो, त्यात ‘अमक्याच्या समोर, तमक्याच्या मागे’ हमखास गळतं. घर नंबर, गल्ली, पिन, बस. घरचा पत्ता अनोळखी लोकांना द्यायचा नसेल तर पोस्टात भाड्याची पेटी (पी.ओ. बॉक्स) मिळते का विचारावं.

सुरुवातीला एका वेळी पाचच पत्ते मिळतात, कार्डं पोचत जातील तशी मर्यादा वाढते. प्रत्येक कार्डाला क्रमांक असतो, भारताचा ‘आयएन’ने सुरू होतो. तो दोनदा लिहा, आणि त्यातला एक तिकिटापासून लांब. शिक्का नेमका त्याच्यावर बसला तर नोंद करताना समोरच्याचे हाल. साठ दिवसांत नोंद झाली नाही तर कार्ड मुदतबाह्य दिसतं आणि नवा पत्ता मागायची जागा मोकळी होते. कार्ड हरवलंच असं नाही, वर्षभरापर्यंत नोंद होऊ शकते. तेवढ्यासाठी पोस्टात जाऊन भांडू नये.

खरी अडचण कार्डाची. किल्ल्यातली कमल बस्ती किंवा गोकाकचा धबधबा अशी तयार चित्रकार्डं बाजारात सहजी मिळत नाहीत, छापूनच घ्यावी लागतात. सहा बाय चार इंच, ३०० जीएसएमचा (म्हणजे जाड) मॅट, बिनचकाकीचा कागद सांगा. फोटोपेपर नको : मागची गुळगुळीत बाजू शाई धरत नाही, शिक्का ओला राहतो आणि वरच्या कार्डाला फासतो. लिहायला साधं बॉलपेन. जेलची शाई आपल्या जुलै-ऑगस्टच्या पावसात पत्त्यासकट वाहून जाते. खालची बोटभर पट्टी कोरी सोडा, परदेशी यंत्रं तिथे बारकोड छापतात. पन्नास पैशांचं पोस्टकार्ड देशातल्या देशात, तेवढ्यावर ते बाहेर जात नाही. परदेशी हवाई दर खिडकीवर विचारून घ्या आणि छापील लेबल न घेता तिकिटंच मागा, समोरचाही बहुधा तिकिटं जमवणारा असतो. गोंद कच्चा वाटला तर ग्लूस्टिक फिरवावी. खिडकीवरची खळ कार्ड फुगवते.

येणाऱ्या कार्डांबद्दल एक तक्रार आहे. प्रोफाइल कोरी ठेवली तर चार चौकटींत चार इमारती असलेलं तेच ते पर्यटकी कार्ड येतं. ‘तुमच्या गावचा बाजार, ट्राम किंवा नकाशा पाठवा’ असं लिहिलं की फरक पडतो. ही विनंती असते, हक्क नव्हे. त्यामुळे पन्नास अपेक्षांची यादी देऊ नये.

आमच्या मते चित्रापेक्षा मागची बाजू जास्त बोलते. जर्मनीच्या यंत्रशिक्क्यावर बऱ्याचदा गावाऐवजी छाटणी केंद्राचा आकडा असतो, आणि तो तिथल्या पिनकोडचे पहिले दोन अंक असतो. ०४ दिसला की कार्ड लाइपझिगच्या बाजूचं. ब्रिटनच्या तिकिटावर देशाचं नावच नसतं, राजा किंवा राणीचं मस्तक एवढीच ओळख. स्वित्झर्लंडच्या तिकिटावर ‘हेल्वेशिया’ असतं, नवखा माणूस तो देश नकाशावर शोधत बसतो.

तिकीट भिजवून काढायचा मोह टाळा. अलीकडची बरीचशी स्टिकरसारखी असतात, पाण्यात सुटत नाहीत आणि सोलताना फाटतात. शिवाय तिकीट, शिक्का आणि मजकूर एकत्र असले तरच कार्ड कुठून, कधी निघालं ते कळतं. ठेवायला पॉलिप्रॉपिलिनची पाकिटं घ्या. पीव्हीसीची कालांतराने चिकटतात. खानापूरकडच्या दमट हवेत डब्यात सिलिकाच्या पुड्या हव्यातच, नाहीतर श्रावण संपेस्तोवर कार्डांवर बुरशीचे ठिपके दिसायला लागतात.