हीट मॅटवर रुजवलेला तेरडा: एडिनबरात सात महिने वापरल्यावर

फेब्रुवारीत थर्मोस्टॅटवाली हीट मॅट, म्हणजे बियांच्या ट्रेखाली घालायची विजेवर तापणारी चटई, घेतली, आता सप्टेंबर चालूये, म्हणजे पूर्ण सीझन झाला. मला गौरींना घरचा तेरडा हवा होता, बस. आमच्याकडे कोकणात पावसाळ्यात तो कोण पेरतं, कुंपणाकडेला आपोआप येतो, आणि इथे त्याच बियाला 21 ते 24 डिग्री उबदार माती लागते नि आमच्या खिडकीत फेब्रुवारीच्या रात्री जेमतेम 13. आधीची दोन वर्षं नुसतं खिडकीत पेरलं तर बी मातीतच कुजलं.

मॅट साडेसतरा वॅटची, एका सीड ट्रेएवढी. रात्रंदिवस चालू ठेवली तरी दिवसाला अर्धं युनिटसुद्धा जळत नाही. रुजवण्याचं काम मात्र ती मनापासून करते. झेंडू चौथ्या दिवशी वर, तेरडा पाचव्या, कोंबडा सहाव्या. गोकर्णाचं बी सँडपेपरवर घासून रात्रभर भिजवलं होतं, त्याला बारा दिवस लागले. कोलिअसचं (रंगीत पानांचं शोभेचं झाड) बी मातीने झाकायचं नाही, त्याला रुजायला उजेड लागतो, नुसतं वर भुरभुरवायचं.

पण सगळ्यात आधी थर्मोस्टॅटचं सांगते. त्याचा प्रोब, म्हणजे तापमान मोजणारं वायरीचं टोक, मी ट्रेच्या बाजूला मोकळा सोडला होता, खोली गार, त्यामुळे प्रोबला सतत थंडीच दिसत राहिली आणि मॅट काही बंद होईना. किचनचा थर्मामीटर मातीत खुपसला तर 33! पहिला कर्दळीचा ट्रे त्यातच गेला. प्रोब बी जिथे आहे तिथे, बियाइतकाच खोल मातीत हवा, माहितीपत्रकात याचं एक अक्षर नाही आणि याचा मला खरंच राग आहे. आणि मॅटखाली थर्माकोलची शीट घाला, नाहीतर अर्धी ऊब खिडकीचा दगडी कट्टाच खातो.

सोबत आलेलं प्लास्टिकचं झाकण रुजेपर्यंतच ठेवायचं. मी प्रेमाने आठवडाभर तसंच ठेवलं, आत पाणी साचलं आणि एका सकाळी तेरड्याची सगळी रोपं जमिनीलगत बारीक होऊन आडवी पडलेली, अगदी रडू आलं. मातीतल्या बुरशीने रोपं अशी कोलमडतात, एकदा लागली की वाचत नाहीत. दुसऱ्या खेपेला पहिला कोंब दिसला की झाकण बाजूला, ट्रे मॅटवरून खाली, पाणी खालच्या ताटलीतून आणि छोटा फॅन लांबून, तर एकही गेलं नाही.

दुसरं म्हणजे उजेड. इथे फेब्रुवारीच्या सुरुवातीला दिवस कसाबसा नऊ तासांचा, तोही ढगाळ. खालून ऊब आणि वरून अंधार म्हणजे रोपं नुसती पांढुरकी लांबुडकी होतात. मार्चमध्ये एलईडी ग्रो लाइट, म्हणजे रोपांसाठीचा दिवा, घेतला, रोपांच्या वर वीतभर, रोज 14 तास, आणि तेव्हा कुठे खोडं जाड झाली. बजेट एकाच वस्तूचं असेल तर मॅट न घेता लाइट घ्या आणि ट्रे घरातल्या उबदार कपाटात ठेवून रुजवा.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पेरलेली रोपं फेब्रुवारीतल्यांपेक्षा सरस निघाली, कारण आमच्याकडे मे संपेपर्यंत बाहेर लावायची सोय नाही, फ्रॉस्टची भीती असते, आणि तोवर लवकर पेरलेल्यांची मुळं कुंडीत गुरफटतात. कोंबड्याला हे अजिबात चालत नाही, चार बोटं उंचीवरच तुरा काढून तो थांबला तो थांबलाच. बाहेर लावायच्या आधी दहा दिवस रोपं सकाळी बाहेर, संध्याकाळी आत, हा कंटाळा करू नका.

गोकर्ण बाहेर वाढलंच नाही, फूल एकही नाही, इथे ते कन्झर्व्हेटरीतलंच, म्हणजे काचेच्या खोलीतलंच झाड आहे. झेंडू भरभरून. आणि तेरडा, दक्षिणेच्या भिंतीला लावलेला, जुलैअखेर फुलला तो अजून आहे. गौरी आणल्या त्या दिवशी अकरा झाडं मुळासकट उपटली, आईला व्हिडिओ कॉलवर दाखवली, तर ती पहिलं म्हणाली मुळं नीट धू गं, गौर मुळांवरनंच येते.

राहिलेल्या झाडांवर शेंगा हिरव्या आहेत, पिकल्या की हात लागताच फुटून बी उडेल म्हणून छोट्या जाळीच्या पिशव्या बांधून ठेवल्यात. मॅट पुसून गुंडाळून ठेवलीय, घडी घालू नका, आतली तार तुटते.