बरगंडीत सायकल: द्राक्षमळ्यांतली पाणंद, जुना रेल्वेमार्ग की कालव्याचा काठ?

पूर्व फ्रान्समधल्या बरगंडीत हमरस्त्याला न लागता सायकल चालवायला तीन वाटा आहेत. पहिली बोन ते सांतने, थेट द्राक्षमळ्यांतून जाणारी, सुमारे २२ किलोमीटरची ‘व्वा दे व्हीन्य’. दुसरी जिव्ह्री ते क्ल्युनी, ४४ किलोमीटरची ‘व्वा व्हेर्त’: जुन्या रेल्वेमार्गावर १९९७ मध्ये खुला झालेला हा फ्रान्समधला पहिला हरित मार्ग. तिसरी कालव्याचा काठ. तिन्ही वाटांना ‘वाहनमुक्त’ म्हणतात, पण या शब्दाचा अर्थ सगळीकडे सारखा नाही. निवड चुकते ती बहुतेकदा इथेच.

फ्रान्सच्या वाहतूक नियमांत ‘व्वा व्हेर्त’ला स्वतःची व्याख्या आहे: इंजिन नसलेली वाहनं, पायी चालणारे आणि घोडेस्वार यांच्यासाठी राखीव वाट. जिव्ह्री–क्ल्युनी या व्याख्येत बसते. मळ्यांतली वाट मात्र मुळात शेताची पाणंद आहे. तिच्यावर मळेवाल्यांचे ट्रॅक्टर आणि गाड्या चालतात, आणि पहिला हक्क त्यांचा. एरवी तासभरात दोनचार वाहनं दिसतील, पण तोडणीच्या दिवसांत, म्हणजे साधारण सप्टेंबरात, चित्र पार बदलतं. लहान मुलं बरोबर असतील आणि त्यांना नजरेआड मोकळं सोडायचं असेल, तर पाणंद सोडा आणि रेल्वेमार्ग धरा. यात आमचं दुमत नाही.

पण द्राक्षं जवळून पाहायची असतील, तर पाणंदीला तोड नाही. बोनमधून बाहेर पडलात की पोमार, व्होलने, मर्सो, प्युलिन्यी-माँराशे, शासान्य-माँराशे ही गावं ओळीने लागतात. पोमार-व्होलनेत काळी पिनो न्वार द्राक्षं, मर्सोपासून पुढे मुख्यतः पांढरी शार्दोने. वेली कमरेएवढ्या, ओळींत जेमतेम मीटरभर अंतर, हेक्टरी सुमारे १०,००० वेली. ओळीत साधा ट्रॅक्टर शिरत नाही, म्हणून इथले ट्रॅक्टर उंच पायांचे असतात आणि वेलींची ओळ पोटाखाली घेऊन चालतात. असा ट्रॅक्टर समोरून आला तर पाणंदीच्या कडेला पाय टेकवून थांबा. चालक उंचावर बसलेला असतो आणि त्याचं लक्ष ओळीच्या टोकाकडे असतं, त्यामुळे त्याला तुम्ही दिसलात असं धरून चालू नका. माँराशेचा प्रसिद्ध मळा जेमतेम ८ हेक्टरचा आहे, आणि दगडी बांधाच्या कडेने सावकाश गेलात तरी काही मिनिटांत मागे पडतो. या मळ्यांच्या तुकड्यांना इथे ‘क्लिमा’ म्हणतात. २०१५ मध्ये युनेस्कोने त्यांना जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. सायकलवरून हे तुकडे जसे कळतात तसे मोटारीतून कळत नाहीत: मातीचा रंग, बांधाची उंची, उताराचा कोन शंभर पावलांत बदलतो.

आता चढाचं. रेल्वेमार्गाला चढ फार देताच येत नव्हता, म्हणून व्वा व्हेर्तवर तो सहसा दोनअडीच टक्क्यांच्या आत राहतो. पाणंद मात्र उतारावरची गावं जोडत जाते, म्हणून एकसारखे छोटे चढ-उतार, आणि त्यातले काही तुकडे चांगलेच तीव्र. आकड्यांत सांगायचं तर सायकल, सामान आणि माणूस मिळून १०० किलो धरा. २ टक्के चढावर ताशी १५ किलोमीटरने जायला साधारण १३० वॉट लागतात. ८ टक्क्यांवर जवळपास तेवढ्याच, म्हणजे १४० वॉटमध्ये, वेग ताशी ६ वर येतो. खरी गोम इथे आहे. ताशी ६ म्हणजे मिनिटाला १०० मीटर. पॅडल मिनिटाला ६० फेऱ्या फिरवायचं तर एका फेरीत सायकल १.६७ मीटरच पुढे गेली पाहिजे. पुढे ३४ आणि मागे ३४ दात्यांचं गियर असेल तर ती २.१ मीटर जाते, म्हणजे फेऱ्या ४८ वर येतात आणि दुपारपर्यंत गुडघे बोलू लागतात. पुढे २६ आणि मागे ३२ दाते असतील, तर हिशोब जमतो. सायकल भाड्याने घेताना पुढची लहान चकती आणि मागची सर्वांत मोठी, दोन्हींचे दाते मोजून घ्या. दुकानदाराच्या ‘भरपूर गियर आहेत’ या उत्तरावर समाधान मानू नका. व्वा व्हेर्तसाठी या मोजणीची गरज नाही, तीन गियरची सायकलसुद्धा चालते. इलेक्ट्रिक सायकल दोन्हीकडे चालते, फक्त मोटार २५० वॉटची आणि ताशी २५ किलोमीटरला मदत बंद करणारी हवी.

टायरचा फरकही याच जातीचा. व्वा व्हेर्त डांबरी आहे, तिथे २८ ते ३२ मिलिमीटर रुंदी पुरते. पाणंद कधी काँक्रीट, कधी डांबर, कधी पांढरी चुनखडी खडी. तिथे ३५ ते ४० मिलिमीटरच घ्या. १०० किलो भाराला ३८ च्या टायरमध्ये मागे ४५ आणि पुढे ४० पीएसआय ठीक. याहून कमी ठेवलंत तर काँक्रीटच्या धारेवर ट्यूब रिम आणि रस्त्यामध्ये चिमटते आणि शेजारी शेजारी दोन छेद पडतात. असे जोडछेद दिसले की काटा शोधत बसू नका, दोष हवेचा आहे. पाऊस पडून गेल्यावर चुनखडीचा चिखल ब्रेकच्या गुटक्यांत बसतो. रिमचे ब्रेक असतील तर तो खरखर करत रिम आणि रबर दोन्ही खातो. उतार सुरू होण्याआधी बाटलीतलं पाणी रिमवर ओता आणि गुटक्यांवरच्या खाचा शिल्लक आहेत ना ते पाहा. हिवाळ्याच्या शेवटी छाटणी होते, तेव्हा वाटेवर काड्या आणि तारेचे तुकडे पडलेले असतात. मार्चात जायचं तर दोन ट्यूब जास्त बाळगा.

मे ते जुलै मळ्यांत गंधक आणि तांब्याची फवारणी चालते, बहुतेकदा वारा पडलेला असताना सकाळी. ढग दिसला तर वाऱ्याच्या वरच्या अंगाला थांबा आणि तो सरला की निघा.

सावली हा दुसरा मोठा मुद्दा, आणि लोक तो विसरतात. मळ्यात झाड नसतं. जुलै-ऑगस्टच्या दुपारी पांढऱ्या खडीवरून ऊन उलटं तोंडावर येतं. रेल्वेमार्गाला बऱ्याच ठिकाणी दुतर्फा झाडी आहे. म्हणून उन्हाळ्यात पाणंद सकाळी अकराच्या आत आटपावी. पाण्यासाठी गावच्या नळावर ‘ओ पोताब्ल’ लिहिलंय ना ते पाहा. ‘नाँ पोताब्ल’ म्हणजे पिण्याचं नव्हे. गावात दुकान बंद असेल तर चर्चशेजारच्या दफनभूमीत नळ हमखास असतो, पाटी मात्र तिथेही वाचा. दुपारी बारा ते दोन वाइन चाखायची तळघरंही बंद असतात आणि दुकानंही. सोमवारी तर बेकरीसुद्धा बंद सापडते. जेवण सकाळीच पिशवीत टाकलेलं बरं.

वाइन चाखण्याबद्दल एक गोष्ट स्पष्ट: रक्तात लिटरला ०.५ ग्रॅम अल्कोहोल ही मर्यादा सायकलस्वारालाही लागू आहे. तळघरात चाखलेली वाइन थुंकायचं भांडं ठेवलेलं असतं. ते वापरणं इथे अशिष्ट नाही, जाणकार तेच करतात. बाटल्या घ्यायच्या असतील तर मागच्या दोन्ही बाजूंना समसमान वाटा. एकीकडे तीन बाटल्या म्हणजे जवळपास चार किलो, आणि उतारावर सायकल त्या बाजूला ओढते.

व्वा व्हेर्तवर द्राक्षं अंतराने दिसतात. जिव्ह्री आणि ब्युसीच्या आसपास ती टेकड्यांवर आहेत, मग सँ-जाँगू, कोरमातँचा राजवाडा, तेझे आणि ९१० मध्ये स्थापन झालेला क्ल्युनीचा मठ. मधे कुरणं आणि गुरं बरीच. केवळ मळ्यांसाठी येणाऱ्याची इथे थोडी निराशा होईल. रस्ता ओलांडायच्या जागी अडथळ्याचे खांब आहेत, रुंद ट्रेलर असेल तर वेग आधीच कमी करा. क्ल्युनीच्या पुढे माकाँकडे जाताना ब्वा क्लेरचा सुमारे १.६ किलोमीटरचा बोगदा लागतो. आत दिवे आहेत, तरी पुढचा दिवा लावा. बाहेर ३० अंश असताना आत चांगलीच थंडी वाजते, अंगातला घाम गार पडतो, म्हणून जाकीट तोंडाशीच चढवा. पलीकडे पुन्हा मळे सुरू होतात आणि सोल्युत्रेचा कडा दिसू लागतो. हिवाळ्यात वटवाघळांच्या निद्रेसाठी बोगदा बंद असतो, मग खिंडीवरून चढून जावं लागतं आणि ‘सपाट मार्ग’ हे वर्णन त्या दिवसापुरतं खोटं ठरतं.

कालव्याबद्दल थोडक्यात. हा कालवा म्हणजे कानाल द्यू साँत्र, ११२ किलोमीटरचा, ६१ लॉकांचा (लॉक म्हणजे बोटी वरखाली नेणारे जलद्वारांचे टप्पे). सांतनेपासून शान्यीमार्गे शालाँकडे जाणारा त्याचा काठ सगळ्यांत सपाट, प्रत्येक लॉकपाशी तेवढा छोटा चढ. पहिल्या दिवशी पाय मोकळे करायला किंवा दोन मार्ग जोडायला उत्तम. दिवसभर फक्त हाच केला तर कंटाळा येतो, आणि समोरून वारा असेल तर आडोसा मिळत नाही.

तीन दिवस हाताशी असतील तर निवडायची गरजच नाही: पहिल्या दिवशी बोन ते सांतने पाणंदीने, दुसऱ्या दिवशी कालव्याने शालाँ आणि पुढे जिव्ह्री, तिसऱ्या दिवशी क्ल्युनी. जोर असेल तर त्याच संध्याकाळी माकाँ. एकच दिवस असेल आणि पाय धड असतील तर पाणंद. कुटुंब, ट्रेलर किंवा दुखरा गुडघा असेल तर व्वा व्हेर्त. उत्तरेकडून दक्षिणेकडे जा, कारण या खोऱ्यात उत्तरेचा ‘बीझ’ वारा वाहतो आणि तो पाठीशी असलेला बरा. परतीचा विचार निघण्याआधी करा: बोन, शान्यी, शालाँ आणि माकाँ एकाच रेल्वेमार्गावर आहेत आणि प्रादेशिक टीईआर गाडीत सायकल उभी करायला जागा असते, पण क्ल्युनी आणि जिव्ह्रीला आता प्रवासी गाडी नाही. टीजीव्ही या अतिवेगवान गाडीने जायचं तर सायकलची जागा आधी राखावी लागते, नाहीतर ती सुटी करून पिशवीत भरावी लागते.