जेन आणि एससीए-२: परग्रही जमातीचं नाव काढण्याआधी तिचं तोंड ठरवा

झॉम्पिस्ट या संकेतस्थळावर मार्क रोझेनफेल्डर यांनी ‘जेन’ नावाचं शब्द घडवणारं साधन ठेवलं आहे. फुकट आहे, ब्राउझरमध्येच चालतं. ध्वनींची यादी आणि अक्षरांची घडण भरली की शब्दांची भलीमोठी यादी समोर येते. विज्ञानकथेतल्या जमातींना नावं द्यायला ते उत्तम आहे, पण ध्वनींची यादी त्या प्राण्याच्या शरीरावरून केली तरच. नाहीतर ज्या जमातीला ओठच नाहीत तिचं नाव ‘प’ने सुरू होतं आणि ती जमात पहिल्याच संवादात ते नाव खणखणीत उच्चारते.

हा घोळ मोठ्या नावांनाही चुकलेला नाही. क्लिंगॉन या परग्रही जमातीचं नाव १९६७ मध्ये ‘स्टार ट्रेक’ या दूरचित्रवाणी मालिकेत आलं. मार्क ओक्रँड यांनी त्यांची भाषा घडवली ती १९८४ च्या चित्रपटासाठी, आणि तिच्यात साधा ‘क’ ठेवलाच नाही. घशात खोलवरून येणारे दोन ध्वनी आहेत, ‘क’ नाही. म्हणजे क्लिंगॉनांच्या भाषेत ‘क्लिंगॉन’ बसत नाही. ओक्रँड यांनी जमातीचं स्वतःचं नाव वेगळं दिलं, ते जिभेच्या कडेने निघणाऱ्या ‘त्ल’सारख्या ध्वनीने सुरू होतं, आणि प्रश्न सुटला: एक नाव माणसांनी ठेवलेलं, एक त्यांचं स्वतःचं. ‘अवतार’ चित्रपटासाठी पॉल फ्रॉमर यांनी घडवलेल्या नावी भाषेत ब, ड, ग नाहीत. ‘नावी’ तिच्यात नीट बसतं, पण माणसांनी त्यांच्या जगाला दिलेलं ‘पँडोरा’ हे नाव ‘ड’पाशी अडतं. हे पटतं, कारण नाव कोणी ठेवलं ते आपल्याला माहीत असतं.

पृथ्वीवरही असं आहे. उत्तर अमेरिकेतल्या मोहॉक लोकांच्या भाषेत मुळात प, ब, म नाहीत. ‘मोहॉक’ हे नाव बाहेरून आलेलं. ते स्वतःला कन्येन्केहाका म्हणतात. परकी नावं त्यांनी आपल्या ध्वनींत बसवली: मारीचं वारि झालं, झाँ बातिस्तचं सवातिस. तेव्हा जमातीला न उच्चारता येणारं नाव हा दोष नाही. ते नाव जमातीनेच स्वतःला ठेवलंय असं दाखवणं हा दोष.

आता जेनमध्ये काय भरायचं ते. आधी कागदावर शरीर मांडा. ओठ नसतील तर प, फ, ब, भ, म गेले. मराठी ‘व’ही गेला, कारण तो खालचा ओठ वरच्या दातांना टेकवून होतो. उ आणि ओ यांनाही ओठांचा गोल लागतो, त्यामुळे तेही काढा. हे दोन स्वर बहुतेकांच्या यादीत चुकून राहतात. नाकाकडे जाणारी वाट नसेल तर म, न, ण आणि सगळे अनुनासिक बाद. स्वरतंतू नसतील तर ग, ज, ड, द, ब हे घोष ध्वनी बाद, पण स्वर कुजबुजीत टिकतात, म्हणून बोलणं कळतं. फुफ्फुसंच नसतील तरी सगळं संपत नाही: आफ्रिकेतल्या खोसासारख्या भाषांत जिभेने चोखून काढलेले टिचकीचे ध्वनी आहेत, त्यांना फुफ्फुसातली हवा लागत नाही. पोपटाला ओठ नसतानाही ‘प’ ऐकू येतो, असा आक्षेप कोणी घेईल. पोपट आपल्या कानाला ‘प’ वाटेल असा आवाज वेगळ्या अवयवाने काढतो. तुमच्या जमातीला तशी नक्कल करू द्यायची असेल तर तेही आधी ठरवा.

उदाहरण घेऊ: चोच, हलती जीभ, स्वरतंतू आणि नाकाची वाट, पण ओठ नाहीत. ‘कॅटेगरीज’च्या चौकटीत व्यंजनांच्या गटात क त न र स ह, आणि स्वरांच्या गटात आ, ए, ई यांच्या मात्रा भरा. प्रत्येक गटाला एक कॅपिटल रोमन अक्षर आणि मग बरोबरचं चिन्ह. गटात जो ध्वनी आधी तो जास्त वेळा येतो, त्यामुळे क्रम विचार करून लावा. जेन एका ध्वनीला एकच चिन्ह धरतं, आणि देवनागरीत इथेच घोटाळा होतो. ‘क्’ ही दोन चिन्हं आहेत. म्हणून अक्षराच्या शेवटी येणाऱ्या व्यंजनांचा तिसरा गट अंकांचा करा, समजा १ आणि २, आणि ‘रीराइट रूल्स’मध्ये उभी रेघ देऊन १ च्या जागी न्, २ च्या जागी क् लिहा. त्याच्या खाली, वर नव्हे, ‘क्क’चा ‘क’ करणारा नियम टाका. नाहीतर शब्दांत ‘क्क’ साचत जातो. मात्रांऐवजी सुटे स्वर भरलेत तर ‘की’च्या जागी ‘कई’ मिळेल. स्वराने सुरू होणारी अक्षरं हवी असतील तर सुट्या स्वरांचा चौथा गट वेगळा करा, कारण मात्रा एकटी आली की तुटकी दिसते.

‘सिलेबल टाइप्स’मध्ये दोनच घडणी पुरतात: व्यंजन-स्वर, आणि व्यंजन-स्वर-शेवटचं व्यंजन. ‘ड्रॉपऑफ’, म्हणजे गटात पुढे जाताना ध्वनी किती झपाट्याने विरळ होतात ते, मध्यम ठेवा. सहा व्यंजनांवर तो जलद केला की यादीभर क आणि त यांचाच धुमाकूळ होतो. एकाक्षरी शब्द विरळ करा. यादी आली की मोठ्याने वाचा. वरच्या ध्वनींतून नाक, कान, तारा असे मराठी शब्द हमखास निघतात, आणि छापून झाल्यावर ते लक्षात येणं वाईट. या भरणीतून ‘रेक्तान्’ मिळू शकतं. शेवटचं हलन्ताचं चिन्ह काढून ‘रेक्तान’ हेच जमातीचं नाव घेऊ.

इथून पुढे रोझेनफेल्डर यांचंच दुसरं साधन लागतं, एससीए-२. ते शब्दांच्या यादीवर ध्वनिबदलाचे नियम चालवतं. माणसांच्या तोंडी हे नाव कसं बिघडेल ते याने काढा. लॅटिन ‘ओक्तो’चं रोमेनियनमध्ये ‘ओप्त’ झालं. ‘त’आधीचा ‘क’ हा ‘प’ होणं खरोखर घडलेलं आहे. नियम तीन भागांत, मध्ये तिरप्या रेघा: काय बदलायचं (क), कशात (प), कुठे. ‘कुठे’मध्ये आडवी रेघ म्हणजे बदलणाऱ्या ध्वनीची जागा, तिच्यापुढे हलन्ताचं चिन्ह आणि त. ‘रेक्तान’चं ‘रेप्तान’ होतं. माणसं तिला रेप्तान म्हणतील, आणि ओठ नसलेल्या त्या जमातीला ते म्हणताच येणार नाही. एका नियमात पूर्ण इतिहास उभा राहिला, हे या साधनाचं मला सगळ्यात आवडलेलं. नियम वरून खाली क्रमाने चालतात. ‘त’ गाळणारा नियम वर ठेवलात तर ‘क्त’ उरतच नाही आणि खालचा नियम मुकाट्याने निकामी होतो. एससीए-२ त्याची तक्रार करत नाही.

कथेत निवेदनात माणसांचं नाव वापरा, जमातीच्या संवादात तिचं स्वतःचं. आणि उलटी वाटही चालवा: माणसांची नावं रेक्तानांच्या तोंडी घालताना म चा न, प चा क असे नियम याच साधनात लावून ठेवा, म्हणजे प्रत्येक प्रकरणात नवी तडजोड होणार नाही.

उणिवा आहेत. जेन अक्षरं एकमेकांना नुसती जोडतं. शब्दाच्या सुरुवातीला अमुक ध्वनी नको, शेवटी तमुक हवा, असं त्याला सरळ सांगता येत नाही. आघात आणि सूर यांची तर दोन्ही साधनांत वेगळी सोय नाही. पंख घासून बोलणाऱ्या कीटकांसारख्या जमातीचं मूळ नाव यातून निघणारच नाही, कारण तिथे स्वर-व्यंजनंच नाहीत. अशा वेळी जेनमध्ये नाव ठेवणाऱ्या माणसांची भाषा भरावी आणि तेवढंच नाव काढावं. चौकटींतला मजकूर लगेच साध्या फाइलमध्ये चिकटवून ठेवा. त्याच जमातीच्या दुसऱ्या टोळीचं किंवा नदीचं नाव लागेल तेव्हा ध्वनींचा क्रम आणि ड्रॉपऑफ हेच हवेत, ते बदलले तर नवं नाव परकं वाटतं.